पासोडी, धूळपाटी आणि फ्लॅश : हातातल्या यंत्राच्या स्मृतीचा इतिहास

१/ बीड जिल्ह्यातील आंबेजोगाई येथे दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी जपली गेली आहे. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा जाड्याभरड्या कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ हा वेदान्तपर ग्रंथ ओव्यांत लिहून काढला. ओव्यांची संख्या सुमारे १,६०० सांगितली जाते. दासोपंतांना लेखनासाठी रोज एका ढबू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका मराठवाड्यात आजही ऐकू येते.

२/ चार शतके उलटूनही ती शाई कापडाला धरून आहे. याच जिल्ह्यात आज एखादा शाळकरी मुलगा दोन-चार हजार रुपयांचा, हातात मावणारा गेम कन्सोल ऑनलाइन मागवतो. त्यात लिनक्स ही संगणकप्रणाली चालते. एके दिवशी ‘अपडेट’ करताना वीज जाते आणि पडदा कायमचा काळा होतो. पासोडी टिकते आणि कन्सोल क्षणात मरतो, असे का? हा धागा त्या प्रश्नाच्या इतिहासाचा आहे.

३/ जुन्या मराठी समाजाला लेखनाची तीन साधने परिचित होती. ताम्रपटावर अक्षर कोरले की ते बदलणे जवळजवळ अशक्य. कागद किंवा कापड यांवर शाईने लिहिले की खाडाखोड करता येई, पण तिची खूण राही. तिसरी धूळपाटी : बोटाने वा काडीने अक्षर काढावे आणि हात फिरवून सगळी पाटी एकदम साफ करावी. संगणकाच्या स्मृतीचे प्रकार समजून घेण्यास ही तीन साधने पुरेशी आहेत.

४/ यंत्राला वीज मिळताच पहिली आज्ञा कोठून तरी वाचावी लागते. पडदा कसा लावायचा, बॅटरी कशी मोजायची, मुख्य प्रणाली कोठून उचलायची, या आज्ञांचा संच म्हणजे फर्मवेअर. १९६७ मध्ये अ‍ॅशर ऑप्लर यांनी ‘डेटामेशन’ या नियतकालिकातील लेखात हा शब्द वापरला. यंत्राचा कठीण भाग आणि सहज बदलणाऱ्या आज्ञा यांच्या मधला हा थर, म्हणून हे नाव.

५/ १९९० च्या दशकात महाराष्ट्रातील अनेक घरांत टीव्हीला जोडायचा ‘व्हिडिओ गेम’ आला. पिवळी वा काळी कॅसेट खाचेत बसवायची, चित्र आले नाही तर तिच्या तोंडावर फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. मारिओ आणि कॉन्ट्रा या खेळांवर एक पिढी वाढली. त्या कॅसेटमध्ये ‘मास्क रॉम’ असे. खेळ कारखान्यातच चिपमध्ये कोरलेला असे. तो ताम्रपटच होता.

६/ ताम्रपटाचा दोष असा की त्यातील चूक सुधारता येत नाही. गुणही तोच : घरातील कोणी ती चिप चुकूनही पुसू शकत नसे. खेळताना वीज गेली तर खेळणाऱ्याचा डाव जाई, पण खेळ जात नसे. आजच्या कन्सोलपाशी ही निश्चिंतता उरलेली नाही. ती केव्हा आणि कशाच्या मोबदल्यात गेली, ते पुढे पाहू.

७/ १९६७ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतील दावोन कांग आणि सायमन झी यांनी ‘फ्लोटिंग गेट’ ही कल्पना मांडली. ट्रान्झिस्टरच्या आत, चारही बाजूंनी ऑक्साइडच्या विद्युतरोधक थराने वेढलेली एक लहानशी कोठडी असावी. तिच्यात इलेक्ट्रॉन कोंडले की ते वीज गेल्यावरही तेथेच राहतात. कोठडी भरलेली की रिकामी, यावरून एक आणि शून्य ओळखायचे.

८/ १९७१ मध्ये इंटेल कंपनीत डोव्ह फ्रोमन यांनी या तत्त्वावर ‘ईप्रॉम’ तयार केली. तिच्या माथ्यावर काचेची खिडकी असे. तिच्यातून अतिनील किरण काही मिनिटे सोडले की सगळी चिप पुसली जाई. पुसण्यासाठी चिप यंत्रातून काढून वेगळ्या पेटीत ठेवावी लागे. ही अडचणच एका अर्थाने संरक्षण होती, कारण अपघाताने काहीही पुसले जात नसे.

९/ पुढचे पाऊल जपानमध्ये पडले. तोशिबा कंपनीतील अभियंता फुजिओ मासुओका यांनी वीजेनेच आणि मोठ्या तुकड्यांत एकदम पुसली जाणारी स्मृती कल्पिली. १९८४ मध्ये तिचा पहिला प्रकार सॅन फ्रान्सिस्कोतील परिषदेत सादर झाला. १९८७ मध्ये ‘नॅंड’ हा स्वस्त आणि दाट प्रकार आला. एकाच झटक्यात पुसण्याची क्रिया कॅमेऱ्याच्या झगमगाटासारखी वाटल्याने एका सहकाऱ्याने ‘फ्लॅश’ हे नाव सुचवले.

१०/ फ्लॅशची रीत धूळपाटीशी जुळते. नॅंडमध्ये एक ‘पान’ लिहिता येते, पण एक पान पुसता येत नाही. पुसायचा तो अनेक पानांचा ‘ब्लॉक’ एकत्र. २००० च्या दशकातील नेहमीच्या नॅंडमध्ये पान २ किलोबाइटांचे आणि ब्लॉक १२८ किलोबाइटांचा, म्हणजे एका ब्लॉकात ६४ पाने असत. एक अक्षर बदलायचे तर उरलेला मजकूर दुसरीकडे उतरवून घ्यावा लागतो आणि मग पाटी साफ होते.

११/ साम्य येथे संपते. धूळपाटी कितीही वेळा पुसली तरी धूळ तीच राहते. फ्लॅशमध्ये प्रत्येक वेळी इलेक्ट्रॉन त्या पातळ ऑक्साइडच्या थरातून जबरीने ये-जा करतात आणि थर झिजतो. एका कोठडीत एकच बिट ठेवणारी जुनी नॅंड सुमारे १ लाख वेळा पुसणे सोसे. तीन बिट ठेवणाऱ्या आजच्या स्वस्त प्रकाराची मर्यादा साधारणपणे काही हजारांच्या आत असते. स्वस्ताई सहनशक्तीतून वसूल झाली.

१२/ फर्मवेअर अशा पुसता येणाऱ्या स्मृतीत ठेवण्याचा धोका जगाला २६ एप्रिल १९९९ रोजी कळला. तैवानमधील विद्यार्थी चेन इंग-हाऊ याने लिहिलेला ‘सीआयएच’ हा विषाणू त्या दिवशी जागा झाला. तो हार्ड डिस्कवरील माहिती तर नासवीच, पण शक्य असेल तेथे संगणकाच्या फ्लॅशमधील ‘बायॉस’वरही कचरा लिही. मग संगणक सुरूच होत नसे. भारतासह आशियातील अनेक देशांना त्याचा फटका बसला.

१३/ याच सुमारास भारतात हातात धरण्याजोग्या लिनक्स यंत्राचे स्वप्न आकार घेत होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर कंपनीतील अभियंते यांनी मिळून ‘सिम्प्युटर’ घडवला. एन्कोरच्या बाजूने विनय देशपांडे त्यात होते. २००१ च्या एप्रिलमध्ये त्याचा नमुना लोकांपुढे आला. साधारण ९,००० रुपयांत खेड्यातील माणसाच्या हाती संगणक द्यावा, असा हेतू होता.

१४/ सिम्प्युटरमध्ये हार्ड डिस्क नव्हती. प्रणाली फ्लॅशमध्ये राही. मार्च २००४ मध्ये बाजारात आलेल्या ‘अमिडा’ या आवृत्तीत हालचाल ओळखणारा संवेदक होता. यंत्र कलते करून खेळायचा ‘गोलगोली’ नावाचा खेळही त्यावर होता. लिनक्स, फ्लॅश आणि हातातला खेळ हे तिन्ही भारतीय बनावटीच्या एकाच यंत्रात तेव्हा एकत्र आले होते.

१५/ सिम्प्युटरमधील एक विचार आजही ध्यानात घेण्याजोगा आहे. यंत्र गावात एकच असले तरी चालेल, प्रत्येकाची माहिती त्याच्या स्वतःच्या स्मार्ट कार्डावर असावी, अशी ती योजना होती. यंत्राची स्मृती वेगळी आणि माणसाची स्मृती वेगळी. यंत्र बिघडले तरी माणसाचे काही जाऊ नये. सिम्प्युटरचा अपेक्षेइतका खप झाला नाही, पण ही विभागणी पुढे दुसऱ्याच वाटेने परत आली.

१६/ आता महाराष्ट्राकडे. २००५ मध्ये निकोलस निग्रोपॉन्टी यांनी ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ ही कल्पना जाहीर केली. २००६ मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ती नाकारली. तरीही २००७ च्या अखेरच्या महिन्यांत या प्रकल्पाचा भारतातील पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, खैरात-धनगरवाडा येथील लहानशा एकशिक्षकी प्राथमिक शाळेत सुरू झाला.

१७/ त्या हिरव्या-पांढऱ्या यंत्राचे नाव ‘एक्सओ’. त्याचा पडदा फिरवून उलटा मिटता येई आणि मग ते पाटीसारखे हातात धरता येई. पडद्याच्या एका अंगाला दिशा देणारी कळ, दुसऱ्या अंगाला चार खेळ-कळा. म्हणजे तेच यंत्र लॅपटॉप, पुस्तक आणि हातातला गेम कन्सोल होते. आत ४३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट रॅम, लिनक्स आणि १ गिगाबाइट नॅंड फ्लॅश. हार्ड डिस्क नव्हती.

१८/ फर्मवेअर मात्र त्या १ गिगाबाइटात नव्हते. ते १ मेगाबाइटच्या निराळ्या चिपमध्ये होते. मिच ब्रॅडली यांचे ‘ओपन फर्मवेअर’ तेथे वस्तीला होते. मुलाने नॅंडमधील सगळे पुसले तरी ही लहान चिप जागी राही आणि यूएसबी पेनड्राइव्हवरून प्रणाली पुन्हा उतरवून घेई. मोठी पाटी बिघडली तर चालेल, लहान ताम्रपट शाबूत राहिला पाहिजे, हा त्यामागचा विचार.

१९/ पण तो ताम्रपटही पुन्हा लिहिता येत होता. म्हणून त्याला दोन कुलपे होती. पहिले साधे : बॅटरी बसवलेली आणि चार्जर जोडलेला, या दोन्ही अटी पुऱ्या झाल्याशिवाय फर्मवेअर बदलण्यास यंत्र नकार देई. २००७ च्या महाराष्ट्रातील ग्रामीण भागात भारनियमन तासन्‌तास चाले, हे आठवले की या अटीचे मोल कळते. नुसत्या वायरीच्या भरवशावर लिहायला घ्यावे आणि मध्येच वीज जावी, असे कोठेही घडू शकत होते.

२०/ दुसरे कुलूप सहीचे. एक्सओच्या ‘बिटफ्रॉस्ट’ या सुरक्षा-आराखड्याचे लेखक इव्हान क्रस्टिच. त्यानुसार प्रकल्पाची अंकीय सही असलेलेच फर्मवेअर चिपमध्ये लिहिले जाई. सीआयएचसारख्या विषाणूला दार बंद. मात्र ज्याला यंत्राच्या मुळाशी जाऊन प्रयोग करायचे असतील, त्याला स्वतःच्या यंत्रापुरती किल्ली मागता येई. मुलाला शिकू द्यावे, पण त्याच्या नकळत कोणाला लिहू देऊ नये, असा तोल साधण्याचा तो प्रयत्न होता.

२१/ बिटफ्रॉस्टमध्ये फ्लॅशच्या झिजेसाठीही स्वतंत्र कलम होते. एखादा सदोष वा दुष्ट कार्यक्रम अखंड लिहीत-पुसत राहिला तर तो स्मृतीचा जीव घेऊ शकतो, म्हणून लेखनाच्या वेगावर मर्यादा घालावी, असे ते कलम सांगे. सुरक्षिततेच्या दस्तऐवजात चोर आणि विषाणू यांच्या पंक्तीला झीज बसवली गेली. लहान मुलांच्या यंत्राबाबत हा विचार होणे, ही त्या आराखड्याची दूरदृष्टी होय.

२२/ नॅंडवरची व्यवस्था ‘जेएफएफएस२’ ही फाइल-प्रणाली पाही. तिचे कर्ते डेव्हिड वुडहाउस. ती जुन्या जागी न लिहिता सतत नव्या जागी लिहीत जाई, म्हणजे झीज सगळ्या ब्लॉकांत वाटली जाई. पण मुलांनी छायाचित्रे आणि चित्रफिती काढून स्मृती काठोकाठ भरली की नवे लिहायला जागाच उरत नसे. मग यंत्र सुरूही होईना. बिघाड कोणाच्या चुकीने झालेला नसे. स्मृती भरली, एवढेच त्याचे कारण.

२३/ खैरातचा प्रयोग वाढून राज्यभर पसरला नाही. त्यामागे पैसा, धोरण आणि शिक्षणविषयक मतभेद अशी कारणे होती आणि तो वेगळा विषय आहे. येथे नोंद इतकीच, की जेथे दुरुस्ती करणारा जवळ नाही, वीज भरवशाची नाही आणि हाताळणारा आठ वर्षांचा आहे, अशा जागेसाठी फर्मवेअरची रचना कशी असावी, याचा गंभीर विचार झालेले यंत्र महाराष्ट्रातील एका वाडीवर वापरले गेले होते.

२४/ त्याच काळातील बाजारू कन्सोल इतके जपून बनवलेले नव्हते. २००५ च्या अखेरीस दक्षिण कोरियातून ‘जीपी२एक्स’ आला. लिनक्सवर चालणाऱ्या हातातल्या कन्सोलांत तो गाजला. आत ६४ मेगाबाइट नॅंड आणि वीजेसाठी दोन पेन्सिल सेल. फर्मवेअर बदलताना सेल संपले की यंत्र ‘डेड’. मग आतल्या चिपशी थेट बोलणारी ‘जेटॅग’ ही विशेष जोडणी लावून ते उठवावे लागे आणि ती विद्या मोजक्यांपाशीच होती.

२५/ त्यानंतरच्या पिढीने धडा घेतला, पण तो तत्त्वापेक्षा काटकसरीतून आला. ‘आर३६एस’ किंवा ‘आरजी३५एक्सएक्स’ यांसारखे आजचे स्वस्त लिनक्स कन्सोल आपली सगळी प्रणाली मायक्रोएसडी कार्डावरून उचलतात. बऱ्याच यंत्रांना दोन खाचा असतात : एक प्रणालीसाठी, एक खेळांसाठी. प्रोसेसरच्या पोटात कारखान्यात कोरलेला छोटा ‘बूट रॉम’ कार्ड वाचून यंत्र सुरू करतो आणि तो कोणालाही पुसता येत नाही.

२६/ येथे एक जुने वर्तुळ पूर्ण होते. बूट रॉम हा मास्क रॉमचा, म्हणजे फुंकर मारायच्या कॅसेटचा वारस. खेळांचे वेगळे कार्ड हे सिम्प्युटरच्या स्मार्ट कार्डाचे नातलग. कार्डावरची प्रणाली बिघडली तर कार्ड काढून संगणकावर पुन्हा लिहिता येते. यंत्र मरत नाही. ज्या कन्सोलांत प्रणाली आतल्या, पाटावर डाख दिलेल्या चिपमध्ये असते, तेथे मात्र जीपी२एक्सचा धोका आजही तसाच आहे.

२७/ पण धोका नाहीसा झालेला नाही, तो कार्डात गेला आहे. एसडी कार्ड नुसती पाटी नाही. तिच्या आत एक इवलासा संगणक आणि त्याचे स्वतःचे फर्मवेअर असते. कोणते पान कोठे लिहिले, याचा तक्ता तोच ठेवतो. डिसेंबर २०१३ मध्ये अँड्रू ‘बनी’ ह्वांग आणि शॉन ‘झोब्स’ क्रॉस यांनी हॅम्बुर्गच्या परिषदेत हे फर्मवेअर बाहेरून बदलता येते, हे दाखवून दिले. लिहिताना कार्ड उपटले तर कधी कधी तो तक्ताच नासतो.

२८/ त्याहून नित्याची फसवणूक म्हणजे खोटी क्षमता. ८ गिगाबाइटच्या कार्डातील नियंत्रकाला ‘मी १२८ चा’ असे सांगायला शिकवलेले असते. पहिले ८ भरेपर्यंत सर्व सुरळीत चालते. पुढचे लिखाण हरवते किंवा आधीच्यावर चढते. ‘एफ३’ आणि ‘एच२टेस्टडब्ल्यू’ हे मोफत कार्यक्रम कार्ड पूर्ण भरून आणि परत वाचून त्याचे खरे पोट दाखवतात. कन्सोलसोबत येणाऱ्या बिननावाच्या कार्डावर भरवसा ठेवू नये, हे जाणकार वारंवार सांगतात.

२९/ फर्मवेअर बदलताना होणारे घात तीन प्रकारचे. वीज मध्येच जाणे हा पहिला. फाइल अर्धवट वा खराब उतरणे हा दुसरा. तिसरा सर्वांत फसवा : बाहेरून हुबेहूब दिसणारे, पण आतून वेगळे यंत्र. आर३६एसच्या निरनिराळ्या तुकड्यांत निरनिराळे पडदे बसवलेले आढळतात. पडद्याचे वर्णन करणारी ‘डीटीबी’ फाइल चुकली की पडदा काळा राहतो. यंत्र जिवंतच असते, पण मालक त्याला मेलेले समजतो.

३०/ यावरचा उपाय एकनाथांच्या काळातील पोथीकारास अपरिचित नव्हता. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. हाताने उतरवत गेलेल्या पोथ्यांत पाठभेद शिरले होते. त्यांनी पाठ शोधून प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी मिसळू नये, असे बजावले. आधी पडताळणी, मग लेखन आणि शेवटी शिक्का, हा क्रम तोच.

३१/ आजच्या कन्सोलधारकासाठी तोच क्रम असा मांडता येतो. यंत्र हाती येताच, खेळण्यापूर्वी, मूळ कार्डाची संपूर्ण प्रतिमा संगणकावर उतरवून ठेवावी. तिच्यात त्या यंत्राच्या पडद्याची योग्य डीटीबीही सुरक्षित राहते. मग नामांकित कंपनीचे नवे कार्ड घेऊन, त्याची क्षमता तपासून, त्यावर प्रणाली लिहावी. मूळ कार्ड डब्यात जपून ठेवावे.

३२/ उतरवलेल्या फाइलची ‘चेकसम’, म्हणजे तिचा अंकीय ठसा, कर्त्याने दिलेल्या ठशाशी ताडावी. आतल्या चिपला हात लावण्याची खरेच गरज नसेल तर लावू नये. लावायचाच असेल तर आधी पाटाची आवृत्ती नक्की करावी, बॅटरी पूर्ण भरावी, चार्जर जोडावा आणि काम संपेपर्यंत एकही कळ दाबू नये. एक्सओचे पहिले कुलूप येथे माणसाने स्वतःला घालून घ्यावयाचे आहे.

३३/ रोजच्या वापरातील शिस्त साधी आहे. यंत्र मेन्यूतून बंद करावे, कारण लिनक्स काही लिखाण थोडा वेळ रॅममध्ये राखून मग कार्डावर उतरवते. चालू यंत्रातून कार्ड ओढू नये. कार्ड काठोकाठ भरू नये. खेळाच्या फाइली क्वचितच बदलतात, पण ‘सेव्ह’ रोज लिहिली जाते. म्हणून जपायचे ते प्रथम सेव्ह. महिन्यातून एकदा तिची प्रत संगणकावर काढली तरी पुरते.

३४/ हे सगळे खेळण्यापुरतेच आहे, असे वाटण्याचा संभव आहे. बीड जिल्ह्याच्या संदर्भात ते तसे नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी मोबाइलच्या दुकानांत दहा-वीस रुपयांत मेमरी कार्डात गाणी ‘भरून’ मिळत. बंद पडलेल्या मोबाइलला तेथे ‘सॉफ्टवेअर मारून’ देत. फ्लॅशशी येथील समाजाचा परिचय पाठ्यपुस्तकातून झाला नाही. तो या टपऱ्यांवर झाला.

३५/ दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. काही मुले आईवडिलांसोबत फडावर जातात, काही आजी-आजोबांपाशी वा हंगामी वसतिगृहात राहतात. अशा कुटुंबाची छायाचित्रे, लग्नाची चित्रफीत, दूर गेलेल्या माणसाचा आवाज हे बहुधा एकाच फोनमध्ये किंवा एकाच कार्डात असते. दुसरी प्रत नसते.

३६/ कार्ड मेले की ते सर्व जाते आणि त्याचा कोणताही अवशेष इतिहासाच्या हाती लागत नाही. फाटक्या पोथीची काही पाने तरी उरतात. कसर लागलेल्या कागदावरची अर्धी ओळ वाचता येते. तक्ता नासलेल्या कार्डातून सामान्य माणसाला काहीच वाचता येत नाही. उद्याच्या इतिहासकाराला ऊसतोड कुटुंबाचे आजचे जीवन अभ्यासायचे झाल्यास साधने याच चिपांत शोधावी लागतील.

३७/ पासोडी टिकली ती केवळ कापड चिवट होते म्हणून नव्हे. तिची निगा राखणारी घराणी होती आणि ती उघडताना, गुंडाळताना काय जपायचे हे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. ज्ञानेश्वरी टिकली ती प्रतींवर प्रती झाल्या म्हणून. मुलाच्या हातातल्या कन्सोलला दोन्ही लागते : निगा आणि दुसरी प्रत. दोन्ही शिकवण्यास दहा मिनिटे पुरतात आणि त्यासाठी कोणत्याही शासकीय योजनेची वाट पाहावी लागत नाही.

३८/ पुढच्या वेळी घरातील मूल ‘अपडेट करू का?’ असे विचारील, तेव्हा त्याला प्रथम तीन गोष्टी विचाराव्यात. जुन्याची प्रत काढली आहे का? नवे नेमक्या याच यंत्राचे आहे का? आणि वीज जाणार नाही ना? तिन्ही उत्तरे होकारार्थी आली, तरच पाटी पुसावी.

(समाप्त)